महागडी वस्तू आणि पाहणाऱ्यांचे डोळे



रजबमधील एका रात्री इशाच्या नमाजनंतर मशीद रिकामी झाली होती. पंखे बंद करून मी मागे वळलो, तो आमच्या जमातीतील एक वयस्क गृहस्थ खांबाला टेकून बसलेले दिसले. बेलापूरच्या एका कार्यालयात हिशेब लिहिण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले, असे हे नेमस्त आणि मितभाषी चाचा. त्यांनी मला शेजारी बसवले आणि कोणतीही प्रस्तावना न करता विचारले, "मौलाना, चार लाख ऐंशी हजारांचे घड्याळ हराम आहे ना?"

घड्याळ त्यांच्या मुलाने घेतले होते. मुलगा सत्तावीस वर्षांचा, नोकरी चांगली, नमाजचा पाबंद. घरात धाकट्या बहिणीचा निकाह ईदनंतर ठरलेला. त्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला मुलाने हात लावला नव्हता, हे खरे. परंतु तो जी रक्कम दरमहा घरात देत असे, ती आता हप्त्यात जाऊ लागली होती. चाचांना माझ्याकडून एकच शब्द हवा होता. तो घेऊन ते घरी जाणार होते आणि मुलासमोर ठेवणार होते.

मला तो शब्द देता आला नाही. दोनच दिवसांनी मुलगाही आला. त्याचे म्हणणे वेगळे होते. "मौलाना, ही वस्तू त्या किमतीचीच आहे. जगभरातले लोक वेडे आहेत का एवढे पैसे मोजायला?" बापाला वस्तू निषिद्ध ठरवून हवी होती आणि मुलाला तिची किंमत योग्य ठरवून हवी होती. दोघेही एकाच दारावर उभे होते, आणि मला वाटते, ते दारच चुकीचे होते.

प्रथम किमतीविषयी. मदिनेत एकदा भाव चढले, तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना भाव ठरवून देण्याची विनंती केली. ह. अनस (रजि.) यांचे हे कथन अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत आले आहे. प्रेषितांनी (सल्ल.) ती विनंती मान्य केली नाही. भाव ठरवणारा अल्लाह आहे, आणि कोणाच्या रक्ताचा वा मालाचा अन्याय माथी घेऊन आपण आपल्या रबला भेटू इच्छीत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे फुकहांनी यावर पुष्कळ चर्चा केली. लोकांच्या गरजेच्या वस्तूंत कोणी अडवणूक करीत असेल तर शासनाने भाव बांधून द्यावा, असे मत इमाम इब्ने तैमिया (रह.) यांच्यासारख्यांनी मांडले. परंतु मूळ वृत्ती स्पष्ट आहे. शरीअत बाजारात उभी राहून प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावीत नाही. ती फसवणूक रोखते, मापात मारणे रोखते, माल दडवून लोकांना उपाशी ठेवणे रोखते. नजशही रोखते, म्हणजे घ्यायचे मनात नसताना केवळ भाव वर जावा म्हणून लावलेली बोली.

या कसोट्या महागड्या घड्याळाला लावून पाहा. कंपनी मुद्दाम थोडेच नग बनवते आणि गिऱ्हाइकाला प्रतीक्षायादीत ठेवते. हा इहतिकार, म्हणजे साठेबाजी, झाला का? बहुसंख्य फुकहांनी इहतिकाराचा संबंध अन्नाशी किंवा लोकांच्या निकडीच्या गोष्टींशी जोडला आहे. स्विस घड्याळ मिळाले नाही म्हणून कोणाची चूल थंड पडत नाही. घेणारा सज्ञान आहे, किंमत त्याला ठाऊक आहे, वस्तूत खोट नाही आणि दोन्ही बाजू राजी आहेत. अशा सौद्याला मी बातिल म्हणू शकत नाही. तीच गोष्ट फेरारीची. सूरह अल-आराफच्या ३२ व्या आयतीत तर अल्लाहने आपल्या बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा कोणी निषिद्ध ठरवली, असा रोखठोक सवालच आहे. आपल्यापैकी जे प्रत्येक सुंदर वस्तूकडे पाहून नाक मुरडतात, त्यांनी ही आयत अधूनमधून वाचावी.

चाचांना हे रुचले नाही. मी एवढ्यावर थांबलो असतो तर त्यांचे रुसणे योग्यच ठरले असते. कारण सौदा जायज असणे ही एक गोष्ट आणि त्या सौद्यात आपला पैसा घालणे उचित असणे ही दुसरी. कियामतच्या दिवशी माणसाला त्याच्या मालाविषयी दोन प्रश्न विचारले जातील, असे हदीसमध्ये आले आहे: कोठून मिळवलास, आणि कशात खर्च केलास. विक्रेत्याने योग्य किंमत लावली होती का, हा प्रश्न त्या दिवशी घेणाऱ्याला विचारला जाणार नाही.

आता घड्याळाविषयी थोडे सांगतो. हा विषय माझ्या घरातला आहे. माझे वालिद महाडच्या बाजारपेठेत घड्याळे दुरुस्त करीत. काचेची एक पेटी, डोळ्याला लावायचे भिंग, चिमटे आणि पेट्रोलची लहान बाटली एवढेच त्यांचे दुकान. एचएमटीच्या जनता घड्याळाचे पाठीमागचे झाकण उघडून ते मला आत पाहायला सांगत. आतले संतुलनचक्र तासाला अठरा हजार वेळा हेलकावते, हे मी तेथे शिकलो. मदरशातल्या हिशेबाच्या आधीचा हा हिशेब. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरमध्ये १९६१ साली सुरू झालेल्या त्या सरकारी कारखान्याने दोनतीन पिढ्यांच्या मनगटांवर वेळ बांधली. लग्नात जावयाला, परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना एचएमटीच दिली जाई. २०१६ मध्ये तो व्यवसाय बंद झाला, तेव्हा वालिद हयात नव्हते. असते तर त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली नसती, असे मला वाटते.

त्यामुळे उत्तम घड्याळ बनवणाऱ्या कारागिराविषयी माझ्या मनात आदर आहे. शंभराहून अधिक भाग, केसाएवढी स्प्रिंग, जिथे डोळा कधी पोहोचणार नाही अशा आतल्या बाजूलाही केलेली घासाई. इस्लाममध्ये काम निगुतीने करण्याला इहसान म्हणतात आणि प्रत्येक गोष्टीत इहसान अनिवार्य केला गेला आहे, असे सहीह मुस्लिममधील हदीस सांगते. जो माणूस महिनोन्‌महिने एका यंत्रावर मान मोडून काम करतो, त्याच्या श्रमाला भारी मोल मिळाले तर त्यात आक्षेपार्ह काय? उलट, आपण ज्यांच्या श्रमाला कवडीमोल ठरवतो, त्यांची बाजू घेणाऱ्याने या कारागिराचेही मोल मान्य करायला हवे.

पण मुलाला मी एक गोष्ट सांगितली, ती येथेही सांगतो. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्‌झवर चालणारे जगातले पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले. त्याची किंमत साडेचार लाख येन होती. तेवढ्या पैशात तेव्हा टोयोटाची कोरोला मोटार येत असे. म्हणजे त्या दिवशी अचूक वेळ ही खरोखरच मोटारीएवढी महाग होती. आज तेच तंत्र, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक, बेलापूर स्थानकाबाहेरच्या पथारीवर दीडदोनशे रुपयांत मिळतो. त्याची चूक महिन्याला साधारण पंधरा सेकंदांची. उलट स्वित्झर्लंडमध्ये प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. मुलाचे चार लाख ऐंशी हजारांचे घड्याळ त्या पथारीवरच्या घड्याळाहून वेळ दाखवण्यात मागे आहे. वेळ स्वस्त झाली. मग किमतीत उरले काय?

थोडे उरले ते कारागिरीचे. तो भाग मी वर मान्य केला आहे. बाकीचे?

येथे एक विषयांतर करू द्या, कारण ते मला फार प्रिय आहे. आपल्या इतिहासात मोठ्या मशिदींत मुवक्कित नावाचा अधिकारी असे. नमाजच्या वेळा काढणे हे त्याचे काम. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्ने शातिर यांनी १३७१ च्या सुमारास तेथील मिनारावर संगमरवरी सूर्यघड्याळ बसवले. आपल्या काळातले ते अत्यंत सूक्ष्म वेळमापक होते, आणि त्यावर विद्या, श्रम आणि धन भरपूर खर्ची पडले असणार. परंतु ती वेळ मशिदीच्या मिनारावर होती. ती भिश्त्याचीही होती, सरदाराचीही होती आणि तिने कोणाच्याही मनगटाला दुसऱ्याच्या मनगटापेक्षा मोठे केले नाही. महाग वस्तू समाजाने मिळून घेतली की तिचे रूप पालटते, हे माझ्या लक्षात त्या सूर्यघड्याळामुळे आले.

तर बाकीची किंमत. वाचकहो, ती आपण पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी मोजतो. मुलाला मी विचारले, "हे घड्याळ हुबेहूब असेच, पण त्यावर नाव नाही आणि कोणालाही ते ओळखता येणार नाही, असे असते, तर किती दिले असतेस?" तो बराच वेळ गप्प बसला. मुलगा खोटे बोलणारा नाही. "चाळीस हजार," तो म्हणाला. म्हणजे चाळीस हजार घड्याळाचे आणि चार लाख चाळीस हजार इतरांच्या नजरेचे.

प्रसिद्धीच्या पोशाखाविषयी, ज्याला लिबासे शुहरत म्हणतात, ह. इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेले हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजह यांत आहे. लोकांत नाव व्हावे म्हणून जो वस्त्र धारण करील, त्याला अल्लाह अपमानाचे वस्त्र लेववील, असा त्याचा आशय. उलेमांनी येथे एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे: हे वस्त्र भरजरीच असावे असे नाही, मुद्दाम फाटके घालून वैराग्य मिरवणाराही यातच येतो. म्हणून आम्हा मौलवी मंडळींनी या हदीसमधून स्वतःला वगळू नये. दुसऱ्या बाजूला सहीह मुस्लिममधील ते प्रसिद्ध कथन आहे. कपडे चांगले असावेत, पादत्राण चांगले असावे असे माणसाला वाटते, हा गर्व का, असे विचारले गेले. उत्तराचा भाव असा, की अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते. गर्व म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. दोन्ही हदीस एकत्र वाचली की मधली रेघ दिसते. ती वस्तूच्या किमतीतून जात नाही, ती आपल्या आणि पाहणाऱ्याच्या मधून जाते.

आपली माणसे ही रेघ कशी चुकवतात, त्याचा एक नमुना पाहा. पुरुषाला सोने वर्ज्य आहे, म्हणून आपल्यातले काही श्रीमंत अभिमानाने सांगतात, "माझे घड्याळ सोन्याचे नाही, साध्या पोलादाचे आहे." ते साधे पोलाद वीस लाखांचे असते. हुकूम पाळला गेला, हे नाकारता येत नाही. पण मिरवण्यासाठी सोन्याहूनही महाग पोलाद शोधून काढले गेले, तर मनाने काय पाळले?

आणखी एक युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो: हा खर्च नव्हे, ही गुंतवणूक आहे, काही घड्याळे दुकानातील किमतीहून जास्त भावाने विकली जातात. असेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये जिनिव्हातील एका लिलावात पाटेक फिलिपचे एक घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेले. तो लिलाव स्नायूंच्या एका असाध्य आजारावरील संशोधनाच्या मदतीसाठी होता, म्हणून त्या रकमेविषयी मी जीभ आवरतो. परंतु गुंतवणूक म्हणणाऱ्यांना माझा एक साधा प्रश्न असतो. वापरातल्या घड्याळावर, वापरातल्या गाडीवर जकात नाही. विकून नफा कमवायचा, या निश्चित हेतूने जी वस्तू खरेदी केली, ती मात्र व्यापाराचा माल ठरते आणि निसाब पूर्ण असेल तर दरवर्षी बाजारभावाच्या अडीच टक्के जकात तिच्यावर द्यावी लागते. तुम्ही देता का? बहुतेक वेळा असे दिसते, की बायकोसमोर ती गुंतवणूक असते आणि रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना ती वापराची वस्तू होते.

मोटारीकडे वळतो. आमचे दिवाळे गाव पाम बीच मार्गाच्या दक्षिण टोकाजवळ, बेलापूरच्या किल्ल्यालगत आहे. रविवारी फजरनंतर मी खाडीकडे चालत निघालो की किल्ले चौकाच्या बाजूने एक गुरगुर ऐकू येते आणि पिवळ्या, लाल, जमिनीला टेकलेल्या गाड्या एकामागून एक वाशीच्या दिशेने निघून जातात. खोटे कशाला सांगू, मीही थांबून पाहतो. सुंदर असतात त्या.

बुखारी आणि मुस्लिम यांत घोड्यांविषयीचे एक हदीस आहे, ते या गाड्यांकडे पाहताना मला हटकून आठवते. घोडे तीन प्रकारचे: एकाच्या धन्याला पुण्य मिळवून देणारा, दुसऱ्याच्या धन्याची लाज राखणारा आणि तिसऱ्याच्या मानेवर ओझे होणारा. दुसऱ्या धन्याने घोडा पाळला तो कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून, आणि त्यात अल्लाहचा हक्क तो विसरला नाही. तिसऱ्याने पाळला तो फुशारकी आणि दिखाव्यासाठी. जनावर तिघांचेही एकच. किंमतही एकच असू शकेल. प्रेषितांची (सल्ल.) स्वतःची अजबा नावाची सांडणी शर्यतीत कधी हरत नसे. एकदा एक खेडूत अरब आपल्या तरुण उंटावर आला आणि तिच्या पुढे गेला. सहाबांना फार लागले. तेव्हा दुनियेत जे वर चढते त्याला अल्लाह खाली आणतोच, असे सांगून प्रेषितांनी (सल्ल.) ती गोष्ट सोडून दिली. वेगाची आवड निषिद्ध नाही, हे यातून दिसतेच. पण हरल्यावर ज्याला काहीच गमावल्यासारखे वाटत नाही, त्याचीच ती आवड निर्मळ म्हणायची.

आपल्या महाराष्ट्रात या विषयावर घराघरांत वाद झाला तो सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीमुळे. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, मिशाएल शूमाखर यांच्या हस्ते. गाडी भारतात आणताना तिच्यावरचे सुमारे १ कोटी १३ लाखांचे आयातशुल्क सरकारने माफ केले आणि लोक खवळले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अखेर ते शुल्क कंपनीने भरले. ज्यांनी तेव्हा वाद घातला त्यांपैकी कोणीही गाडी एवढी महाग का, असे विचारले नव्हते. ही किंमत आमच्या खिशातून का, असे विचारले होते. सामान्य माणसाने नेमक्या जागी बोट ठेवले होते.

दुसरी घटना मराठवाड्यातील. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील व्यावसायिकांच्या एका गटाने मिळून दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच दिवशी घेतल्या. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी. शहराचे नाव गुंतवणूकदारांच्या नकाशावर यावे, हा हेतू सांगितला गेला. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात दोन आकडे शेजारी ठेवले: त्या रकमेतील दोन-तृतीयांशांहून अधिक भाग भारतीय स्टेट बँकेचे कर्ज होते, दर सात टक्के, आणि त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी कर्ज मिळत होते बारा टक्क्यांनी किंवा त्याहून महाग. व्याज आपल्या धर्मात दोन्हीकडे हरामच. परंतु ज्यांना हलाल-हरामशी कर्तव्य नाही, त्यांनाही या दोन आकड्यांतले अंतर कळते. मिरवण्याची गाडी स्वस्त पैशावर धावते आणि नांगराची महाग पैशावर.

तिसरी घटना आपल्या सर्वांच्या मनात ताजी आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, प्राणाला मुकले. दोषाचा निवाडा न्यायालय करील. मला त्यातली एक नोंद सोडत नाही. दीड कोटीहून अधिक किमतीच्या त्या गाडीची कायम नोंदणी रखडली होती, कारण १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते. दीड कोटी डोळ्यांत भरतात. १,७५८ रुपये कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते राहून जातात.

कुरआनमध्ये कारूनची हकिकत सूरह अल-कससच्या शेवटच्या भागात आहे. आपण ती सांगताना त्याचे खजिने आणि त्याचे जमिनीत गाडले जाणे यांवर भर देतो. पण पुन्हा वाचून पाहा. तो थाटामाटात लोकांसमोर निघाला, तेव्हा रस्त्यावर उभे असलेल्यांचे बोलणे तेथे आले आहे. आपल्यालाही असेच मिळाले असते तर, असे हळहळणारे काही जण, आणि त्यांना समजावणारे काही जण. त्याचा नाश झाल्यावर हळहळणारेच दुसऱ्या सकाळी काय म्हणू लागले, तेही आहे. कुरआनने पाहणाऱ्यांची दखल घेतली. ते या सौद्यातले तिसरे पक्षकार आहेत. त्यांना कोणी विचारले नाही, त्यांनी कशावरही सही केली नाही, पण किंमत तेही मोजतात. माझ्या जमातीतल्या त्या मुलाने कर्ज काढले, ते त्याच्या कचेरीतल्या वरिष्ठाच्या मनगटाकडे दोन वर्षे पाहून. त्या वरिष्ठाला हे माहीतसुद्धा नसेल.

दिवाळ्याच्या मासळीबाजारात मी आठवड्यातून एकदा तरी जातो. खाडीत पूर्वीसारखे मिळत नाही, असे सगळेच सांगतात. तरी पहाटे होड्या धक्क्याला लागतात आणि कोळणी पाट मांडून बसतात. एकदा एक सद्‌गृहस्थ कोलंबीचा भाव करीत होते. पन्नास रुपयांवर अडले होते. मनगटावर जे घड्याळ होते ते मी, घड्याळजीचा मुलगा, लांबूनच ओळखले. शेवटी पन्नास रुपये सोडवून ते गेले. ज्या मावशींकडून मी मासळी घेतो त्या मला म्हणाल्या, "मौलाना, त्या घड्यालवाल्यानं पन्नास रुपये कमी केलं असतील का हो याला?" मावशींना घड्याळाची किंमत ठाऊक नव्हती. ते भारी आहे, एवढे ठाऊक होते. दाखवण्यासाठीच घातले होते, तेव्हा ते त्यांना दिसलेच.

त्या दिवशी घरी येऊन मी ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची हकिकत पुन्हा काढून वाचली. तिबरानी यांनी ती नोंदवली आहे. त्यांच्यासाठी तीनशे दिरहमला एक घोडा ठरला. त्यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले, तुझा घोडा तीनशेहून चांगला आहे, चारशेला देतोस का? मग पाचशे, सहाशे, असे करत आठशेला सौदा झाला. प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची शपथ त्यांनी प्रेषितांच्या (सल्ल.) हातावर घेतली होती. विकणाऱ्याला आपल्या मालाचे मोल कळत नसेल, तर घेणाऱ्याने ते वाढवून सांगायचे! आपल्या बाजारात अशी बोली कोणी लावल्याचे मी ऐकलेले नाही. मीही कधी लावलेली नाही, आणि मावशींकडे मीही दहावीस रुपये सोडवून घेतलेले आहेत.

आता माझेच सांगतो, नाहीतर हा लेख वरून खाली पाहून लिहिल्यासारखा होईल. तीन वर्षांपूर्वी एका स्नेह्याने उमऱ्याहून परतल्यावर मला एक घड्याळ भेट दिले. किंमत मी विचारली नाही, पण मला ती साधारण कळली, कळणारच. काही महिन्यांनी जुम्याच्या खुतब्याचे चित्रण कोणीतरी मला फोनवर पाठवले. विषय होता सादगी. मी मिंबरवर उभा आहे, हात उंचावून बोलत आहे, आणि पंधरा मिनिटांत तीन वेळा कुर्त्याची डावी बाही वर सारली आहे. उकाडा नव्हता. त्या घड्याळासाठी मी एक पैसाही दिला नव्हता, तरी त्याची किंमत मी समोरच्या दोनशे माणसांकडून वसूल करीत होतो. त्या दिवसापासून ते कपाटात आहे. कोणाला तरी देऊन टाकायचे म्हणतो आणि अजून दिलेले नाही.

चाचांना मी शेवटी सांगितले ते असे. घड्याळाला मी हराम म्हणणार नाही. बँकेकडून व्याजाने काढलेले कर्ज मात्र हराम आहे, त्यात दुमत नाही. किमती वस्तू दुकानदाराकडून ठरलेल्या किमतीला, ठरलेल्या हप्त्यांत घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. त्यावर चाचा म्हणाले, "कर्ज तर सगळेच घेतात, मौलाना. आमचे घरही कर्जावरच आहे." ज्या गोष्टीला शरीअतने स्पष्ट हराम म्हटले ती त्यांच्या नजरेत भरली नव्हती, आणि जी नजरेत भरली ती हराम नव्हती. मला त्यांचा राग आला नाही. चार लाखांच्या घड्याळाने त्यांना त्यांचे तीस वर्षांचे हिशेबाचे आयुष्य लहान वाटायला लावले होते; ते खरे दुःख होते, आणि त्याला फतव्याचे नाव नव्हते.

मुलगा बाजारात चौकशी करून आला. तेच घड्याळ, न वापरल्यासारखे, साडेतीन लाखांना घ्यायला एक जण तयार आहे. विकले तर कर्जाचा मोठा भाग फिटतो आणि उरलेले त्याला वर्षभरात फेडता येते. न विकले तर हप्ते अजून तीस महिने चालतील आणि प्रत्येक हप्त्यात व्याज आहे. हे मी त्याला कागदावर मांडून दिले, वालिदांच्या सवयीप्रमाणे दोन रकाने आखून. कोणता रकाना घ्यायचा, ते मी सांगितलेले नाही. दुसऱ्या रकान्यात बहिणीसाठी दरमहा घरात येणारी रक्कम किती घटते, तो आकडा तेवढा त्यालाच लिहायला लावला.

निकाह शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. खुतबा मलाच द्यायचा आहे.